वही कोणाच्या हाती?

गेल्या भारतभेटीत सुप्याजवळच्या आमच्या गावी वहिनींनी बचत गटाची वही दाखवली. जमा, कर्ज, व्याज, सारे त्यांच्याच अक्षरात! मला १८७५ साल आठवले. त्या वर्षी १२ मे रोजी याच सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. वाचता येत नसल्याने अनेकांनी त्या रोख्यांवर नुसती निशाणी केली होती.

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही रिझर्व्ह बँकेच्या १९५१-५२ च्या पाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. पुढे १२ जुलै १९८२ रोजी नाबार्ड स्थापन झाली. ही बँक शेतकऱ्याला थेट कर्ज देत नाही. राज्य सहकारी बँक, जिल्हा बँक, गावची सोसायटी अशा वाटेने तिचा पैसा बांधावर पोचतो. १९९२ मध्ये तिने ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आधी बचत, मग तारणाशिवाय, गटाच्या भरवशावर कर्ज.

मंडळी, सारे प्रश्न सुटलेले नाहीत. मार्चअखेर सोसायटीचे कर्ज फेडायला आजही कित्येकांना हातउसने घ्यावे लागतात. पण वहिनींना ती वही जाळावीशी वाटणार नाही. त्यांनी ती जपून ट्रंकेत ठेवली.