६७० दिवस: व्हिटॅमिन ई आणि अल्झायमरची गोष्ट

पेपर हातात आला की तुम्ही आधी काय वाचता? खरं सांगा, ॲब्स्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य. मीही बरीच वर्षं तेच केलं. आज ज्या पेपरबद्दल लिहितेय तो १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला, मेरी सानो आणि सहकाऱ्यांचा. निष्कर्ष असा, की मध्यम टप्प्यातल्या अल्झायमरमध्ये व्हिटॅमिन ई दिलं तर आजाराची वाढ मंदावते. पण त्याच ॲब्स्ट्रॅक्टमध्ये थोडं वर एक अडचणीची गोष्ट लिहिली आहे. तिथे जाण्याआधी जरा मागे जाऊ.

व्हिटॅमिन ई सापडलं १९२२ मध्ये, बर्कलीत, हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना. मेंदूचा तेव्हा काहीच संबंध नव्हता. ते आहारात नसेल तर उंदरांच्या माद्यांचे गर्भ टिकत नव्हते, एवढंच. टोकोफेरॉल हे नावसुद्धा ग्रीकमधल्या बाळंतपणाच्या शब्दावरून पडलं. म्हातारपणाशी त्याचं नातं जोडलं डेन्हम हार्मन यांनी. हे आधी शेल कंपनीत केमिस्ट होते, फ्री रॅडिकल्सवर काम केलेले, आणि नंतर डॉक्टर झाले. १९५४ मध्ये, योगायोगाने बर्कलीतच, त्यांना सुचलं की रसायनशास्त्रात आपण पाहिलेले हेच रॅडिकल्स पेशींची झीज करत असतील. १९५६ मध्ये त्यांनी ते छापलं. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एन्झाइमचं काम दाखवलं आणि कल्पनेला वजन आलं. रॅडिकल संपवायला शरीराने खास एन्झाइम ठेवलंय म्हणजे रॅडिकल तिथे तयार होत असणारच, नाही का?

मेंदूच्या बाबतीत तर हा तर्क चपखल बसतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. त्याच्या पेशींच्या पडद्यात सहज ऑक्सिडाइझ होणारी फॅटी ॲसिड भरपूर. एका रेणूने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला बिघडवत जाण्याची जी साखळी चालते, ती व्हिटॅमिन ई स्वतःचा हायड्रोजन देऊन तोडतं. मग व्हिटॅमिन सी त्याला पुन्हा पूर्ववत करतं. फळ्यावर काढायला इतकं सुंदर चित्र, की ते खरं नसेल असं मनातसुद्धा येत नाही.

पार्किन्सनमध्ये हा प्रयोग आधीच फसला होता. ८०० रुग्णांच्या ‘डेटाटॉप’ ट्रायलमध्ये रोज २००० युनिट व्हिटॅमिन ई देऊनही काही फायदा दिसला नाही, असं १९९३ मध्ये कळलं. तरीही अल्झायमरसाठी तोच डोस, म्हणजे रोजच्या गरजेच्या निदान पन्नास पट, घेऊन ट्रायल झाली.

रुग्ण ३४१, गट चार: व्हिटॅमिन ई, सेलेजिलिन हे औषध, दोन्ही एकत्र, आणि प्लासिबो. दोन वर्षं मोजलं काय, तर चारपैकी एखादी गोष्ट घडेपर्यंत किती दिवस गेले: मृत्यू, संस्थेत भरती, रोजची साधी कामं करण्याची क्षमता जाणं, किंवा तीव्र डिमेन्शिया. घरच्यांच्या दृष्टीने हाच खरा हिशोब असतो. आई अजून किती दिवस स्वतःच्या हाताने जेवेल? प्लासिबो गटात मध्यक होता ४४० दिवस, व्हिटॅमिन ई गटात ६७०.

आता ती वरची अडचण. साधी तुलना केली तर चार गटांत लक्षणीय फरक नव्हताच. यादृच्छिक वाटपात प्लासिबो गटाच्या वाट्याला सुरुवातीपासूनच जरा बऱ्या मेंदूचे रुग्ण आले होते. सुरुवातीचा मिनी-मेंटल स्कोअर कोव्हेरिएट म्हणून घातल्यावरच फरक उमटला. ही दुरुस्ती चूक नाही. मी असते तर मीही केली असती. पण गटांची सुरुवात सारखी नव्हती म्हणून दुरुस्ती, आणि दुरुस्ती आहे म्हणून निकाल, अशा आधारावर किती भार टाकायचा? शिवाय आकलनाच्या चाचण्यांत फरक पडलाच नव्हता. आणि दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांना ५८५ दिवस मिळाले, कुठल्याही एका औषधापेक्षा कमी. हार्मन यांच्या तर्कात हे कुठे बसवायचं ते सांगा.

भार मात्र टाकला गेला. २००१ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने व्हिटॅमिन ई देण्याचा विचार करावा असं मार्गदर्शन केलं. मग २००५ उजाडलं. जानेवारीत एडगर मिलर आणि सहकाऱ्यांनी १९ ट्रायल्स एकत्र केल्या, जवळपास १ लाख ३६ हजार लोक. रोज ४०० युनिट किंवा त्याहून जास्त डोस घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण किंचित वाढलेलं दिसलं. त्याच वर्षी रोनाल्ड पीटरसन यांची ट्रायल आली. स्मृती थोडी कमी झालेले, पण डिमेन्शिया नसलेले ७६९ लोक, तीन वर्षं. अल्झायमरकडे जाणं व्हिटॅमिन ई ने थोपवलं नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते डग्लस गॅलास्को यांच्या २०१२ च्या छोट्या ट्रायलने. ई, सी आणि लिपोइक ॲसिड १६ आठवडे दिल्यावर मेंदूभोवतालच्या द्रवातला ऑक्सिडेशनचा मार्कर सरासरी १९ टक्क्यांनी उतरला. म्हणजे फळ्यावरचं चित्र खरंच घडलं! पण अमायलॉइड आणि टाऊ जागचे हलले नाहीत, आणि त्या गटाचा मिनी-मेंटल स्कोअर अधिक वेगाने घसरला.

इथे प्रकरण बंद झालं असं वाटेल, तर २०१४ मध्ये मॉरिस डिस्कन यांची ट्रायल आली. सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेले ६१३ माजी सैनिक, डोस तोच २०००. रोजची कामं करण्याच्या क्षमतेतली घसरण सुमारे सहा महिन्यांनी लांबली. स्मृतीत फरक नाही. आणि व्हिटॅमिन ई सोबत मेमँटिनही घेणाऱ्या गटाला तो फायदासुद्धा मिळाला नाही. १९९७ च्या पेपरमधला ५८५ हा आकडा आठवतोय ना?