शेवरोलेच्या पोटाखालचा फोर्ड : मागच्या ॲक्सलच्या अदलाबदलीचा इतिहास

(१/२०) अमेरिकेतील नास्कार शर्यतींत फोर्ड आणि शेवरोले यांचे हाडवैर सर्वश्रुत आहे. तरीही अनेक दशके या दोन्ही गाड्यांच्या मागच्या चाकांमध्ये एकाच घराण्याचे डिफरन्शियल फिरत होते, आणि ते घराणे होते फोर्डचे. प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत फोर्डचा भाग पोहोचला कसा, त्याची ही कथा. #थ्रेड

(२/२०) मूळ यंत्र जुने आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की जखडली, तर त्यांपैकी एकाला घसटत जावे लागते. ही अडचण सोडवणारी गियररचना पॅरिसमधील ओनेसिफोर पेकर याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी योजली.

(३/२०) मोटारगाडीत याच ठिकाणी आणखी एक काम होते. प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाचे लहान पिनियन मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवते, म्हणून वेग घटतो आणि चाकाचा पीळ वाढतो. गुणोत्तर ३.०० असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे तीन फेरे होतात.

(४/२०) ३.०० च्या जागी ४.११ चा संच बसवला, की इंजिनाला हात न लावता चाकावरचा पीळ ३७ टक्क्यांनी वाढतो. मात्र ज्या वेगाला इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत होते, तिथे आता ते सुमारे ३४२५ घेते. इंधन, आवाज आणि झीज तिन्ही वाढतात. कारखाना सरासरी ग्राहकाचा विचार करून गुणोत्तर ठरवतो; शर्यतीचा शौकीन सरासरी नसतो.

(५/२०) साध्या डिफरन्शियलमध्ये एक उणीवही आहे. एक चाक चिखलात फिरू लागले, की दुसरे शक्तीविना उभे राहते. यावर उपाय म्हणून १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी जर्मनीच्या झेडएफने घसरण रोखणारे डिफरन्शियल घडवले. अमेरिकेत पॅकार्डने १९५६ मध्ये तसा पर्याय विक्रीस ठेवला.

(६/२०) दरम्यान दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्या वेगवान करण्याचा छंद फोफावला. इंजिनापाठोपाठ लक्ष मागच्या ॲक्सलकडे वळले. टेड हॅलिब्रँड याने तयार केलेली ‘क्विक-चेंज’ रचना या टप्प्यावरची महत्त्वाची पायरी ठरली.

(७/२०) तिची युक्ती सोपी होती. क्राऊन-पिनियनला धक्का न लावता हाउसिंगच्या मागील झाकणाआड सरळ दात्यांच्या दोन गियरची जोडी बसवायची. तेल काढायचे, झाकण उघडायचे, जोडी बदलायची. गुणोत्तर काही मिनिटांत बदलते. लहान-मोठ्या मातीच्या मैदानांवर धावणाऱ्यांना हे वरदान वाटले. पण ती शर्यतीची वस्तू होती आणि महाग होती.

(८/२०) अदलाबदलीची खरी वाट गाड्यांच्या बदलत्या बांधणीने मोकळी केली. १९४८ पर्यंत फोर्ड गाड्यांचा प्रॉपेलर शाफ्ट एका बंद नळीत असे आणि ती नळी ॲक्सलशी जोडलेली असे. १९४९ च्या मॉडेलपासून शाफ्ट उघडा झाला आणि ॲक्सल कमानपाट्यांवर यू-बोल्टने बांधला गेला. शाफ्टचा सांधा, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल सोडली, की अख्खा ॲक्सल गाडीपासून वेगळा होऊ लागला.

(९/२०) १९५७ च्या मॉडेलांत फोर्डने नवा मागचा ॲक्सल आणला. क्राऊन व्हीलचा व्यास नऊ इंच, म्हणजे सुमारे २२९ मिलिमीटर; म्हणून नाव पडले ‘नाइन इंच’. मोटारी आणि पिकअप ट्रक अशा दोन्हींसाठी तो बनत असल्याने पुढे भंगारबाजारात तो मुबलक मिळू लागला.

(१०/२०) त्याची ताकद कशात होती? सामान्यतः पिनियनला दोन बेअरिंगांचा आधार असतो; इथे दात्यांच्या पलीकडच्या टोकाला तिसरे बेअरिंग होते. त्यामुळे जोर पडला तरी पिनियन क्राऊन व्हीलपासून सहज दूर ढकलले जात नसे. शिवाय ते क्राऊन व्हीलच्या मध्यरेषेच्या सुमारे सव्वादोन इंच खाली होते, म्हणून दाते एकमेकांत अधिक लांबीवर गुंतत.

(११/२०) दुसरा गुण सोयीचा होता. इतर अनेक ॲक्सलमध्ये मागचे झाकण काढून, गाडीखाली आडवे पडून गियर बसवावे लागतात, आणि दात्यांमधली फट तिथेच मोजावी लागते. नाइन इंचमध्ये सगळा गियरसंच एका गोळ्यासारखा पुढून बाहेर येतो. सारी जुळणी टेबलावर करता येते. रोजच्या वापरासाठी एक गोळा आणि रविवारच्या शर्यतीसाठी दुसरा, अशी व्यवस्था त्यामुळे शक्य झाली.

(१२/२०) तिसरा गुण जिवाशी निगडित होता. शेवरोलेच्या बारा बोल्टच्या ॲक्सलमध्ये चाकाचा शाफ्ट आत, डिफरन्शियलपाशी, ‘सी’ आकाराच्या छोट्या क्लिपने अडकवलेला असे. शाफ्ट तुटला, तर चाकासह त्याचा तुकडा बाहेर निसटू शकतो. नाइन इंचमध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाला, बेअरिंगपाशी पक्का धरलेला असतो. तो आत तुटला तरी चाक जागेवर राहते.

(१३/२०) हा फरक १९६० च्या दशकात जाणवू लागला. इंजिने बलाढ्य झाली, टायर अधिक पकड घेऊ लागले, आणि पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत क्लच सोडताच सारा आघात मागच्या गियरवर येऊ लागला. पूर्वी टायर घसरून जो धक्का जिरत असे, तो आता दाते आणि शाफ्ट मोडू लागला. साखळीची सर्वांत कच्ची कडी मागे सरकली होती.

(१४/२०) मग भंगारबाजारात टेप घेऊन फिरणारी मंडळी दिसू लागली. कोणी फोर्डचा नाइन इंच शोधे, तर कोणी १९५७ नंतरच्या ओल्ड्समोबाइल आणि पाँटिॲकचे मजबूत ॲक्सल. पाहायच्या गोष्टी ठरलेल्या असत : एकूण रुंदी, कमानपाट्यांच्या बैठकांमधले अंतर, चाकाच्या बोल्टांची मांडणी, ब्रेक आणि शाफ्टचा सांधा.

(१५/२०) माप क्वचितच तंतोतंत जुळे. मग हाउसिंगच्या नळ्या कापून आखूड करायच्या, टोके पुन्हा एका रेषेत वेल्ड करायची आणि त्या मापाचे शाफ्ट घडवून घ्यायचे. वेल्डच्या उष्णतेने नळी किंचित वाकली, तरी बेअरिंग लवकर जाते. बैठका चुकीच्या कोनात लागल्या, तर प्रॉपेलर शाफ्ट थरथरतो. कौशल्याची कसोटी मापात होती.

(१६/२०) या मजबुतीची किंमतही होती. पिनियन जितके खाली, तितके दाते एकमेकांवर अधिक घासतात. उष्णता वाढते आणि थोडी शक्ती वाया जाते. जड ॲक्सलमुळे खड्ड्यांवर मागची चाके अधिक उसळतात. गुणोत्तर बदलल्यावर स्पीडोमीटरही दुरुस्त करावा लागतो. साध्या इंजिनाच्या गाडीला हा खटाटोप तोट्याचाच.

(१७/२०) १९७० च्या दशकातील इंधनसंकटाने वारे फिरले. इंधन वाचावे म्हणून कारखाने कमी गुणोत्तराचे गियर आणि हलके ॲक्सल बसवू लागले. फोर्डचे नाइन इंचचे उत्पादनही १९८६ मध्ये थांबले. तोवर मस्टँगसारख्या गाड्यांत ८.८ इंचांचा नवा ॲक्सल आला होता. पण त्यात सी-क्लिपच होत्या.

(१८/२०) जुनी विद्या मात्र नव्या मालावर चालू राहिली. फोर्ड एक्सप्लोररच्या १९९५ पासूनच्या मॉडेलांत ८.८ च्या ॲक्सलला डिस्क ब्रेक आणि ३१ खाचांचे जाड शाफ्ट मिळाले. त्या काळच्या मस्टँग जीटीमध्ये शाफ्टच्या खाचा २८ होत्या. साहजिकच एक्सप्लोरर भंगारात जाऊ लागल्या, तशी त्यांच्या ॲक्सलची मागणी वाढली.

(१९/२०) सर्वाधिक ओढ जीपवाल्यांची होती. चेरोकी आणि रँग्लरच्या अनेक गाड्यांत डाना-३५ हा तुलनेने नाजूक ॲक्सल होता. एक्सप्लोररच्या चाकाची पाच बोल्टांची मांडणी जीपशी जुळत होती. जुन्या बैठका कापून नव्या वेल्ड केल्या आणि शाफ्टची लांबी जुळवली, की दगडधोंड्यांच्या वाटेवर दूरच्या रानात शाफ्ट मोडून अडकण्याची धास्ती बरीच कमी होई.

(२०/२०) आणि नास्कार? अर्ध्या मैलाच्या मार्टिन्सव्हिलपासून २.६६ मैलांच्या टॅलाडेगापर्यंत प्रत्येक मैदानाला वेगळे गुणोत्तर लागे. झटपट बदलता येणारा फोर्डचा गोळा म्हणूनच सर्वांना सोयीचा झाला. २०२२ मध्ये नव्या पिढीच्या गाड्या आल्या आणि ही परंपरा तिथे संपली. नाइन इंचचे सुटे भाग मात्र इतर उत्पादक आजही नव्याने घडवतात. फोर्डने तो आपल्या गाड्यांसाठी बनवला होता; ज्यांना तो उघडता, मोजता आणि जोडता आला, त्यांनी तो साऱ्यांचा केला. #इतिहास