चापिंगोची कृषिशाळा

मेक्सिकोच्या राजधानीच्या पूर्वेस तेस्कोको नावाचे जुने गाव आहे. त्याच्या शेजारी चापिंगो ही एक विस्तीर्ण जहागीर होती. 1880 ते 1884 पर्यंत मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष असलेले जनरल मान्वेल गोन्सालेस हे तिचे धनी. अशा जहागिरींवर खेडुतांच्या पिढ्या राबत. नांगर त्यांच्या हाती असे. जमीन मात्र धन्याची. आज चापिंगो येथे सरकारी कृषी विद्यापीठ उभे आहे. जहागिरीची शाळा कशी झाली आणि त्या शाळेने खेड्यांचे ऋण कितपत फेडले, हा इतिहास शेतीवर जगणाऱ्या कोणत्याही देशाने ध्यानी घ्यावा असा आहे.

ही शाळा मूळची चापिंगोची नव्हे. 1854 साली राजधानीलगतच्या सान हासिंतो येथे ती सुरू झाली. तेथून शिकून बाहेर पडणारे तरुण बहुधा मोठ्या मळ्यांचे कारभारी किंवा भूमापक होत. 1910 मध्ये क्रांतीचा वणवा पेटला. मोरेलोस प्रांतात एमिलियानो सापाता याने गावांच्या बळकावलेल्या जमिनी परत मिळविण्यासाठी शस्त्र धरले होते. 1915 साली याच शाळेतील तरुण मोजणीची साखळी घेऊन त्याच्या मुलखात गेले. त्यांच्यात मार्ते गोमेस हा विद्यार्थीही होता. गावकऱ्यांनी जपून ठेवलेली जुनी कागदपत्रे पाहायची, वृद्धांना शीव विचारायची आणि त्याप्रमाणे नकाशा काढायचा, हे त्यांचे काम. जी विद्या आजवर धन्याच्या सेवेस होती, ती प्रथमच कुळाच्या बांधावर आली.

1917 च्या राज्यघटनेतील सत्ताविसाव्या कलमाने जमीन ही मूलतः राष्ट्राची ठरविली आणि गावांना जमिनी देण्याचा मार्ग मोकळा केला. 1919 मध्ये सापाता मारला गेला. परंतु त्याची मागणी जिवंत राहिली. राष्ट्राध्यक्ष ओब्रेगोन यांच्या कारकीर्दीत, 1923 साली, शाळा चापिंगोच्या जहागिरीत हलविण्याचे ठरले आणि 1924 मध्ये तेथे वर्ग भरू लागले. तेव्हा शाळेचे संचालक होते तेच मार्ते गोमेस. येथे जमिनीपासून उत्पन्न घेण्याची विद्या मिळेल, माणसाला पिळण्याची नव्हे, अशा आशयाचे ब्रीद शाळेने स्वीकारले. जहागिरीच्या प्रार्थनामंदिराच्या भिंती दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने 1927 पर्यंत रंगविल्या. त्यांतील एका चित्रात सापाता आणि त्याचा सहकारी मोंतान्यो यांचे देह भूमीखाली विसावले आहेत आणि वर मक्याचे पीक डोलत आहे.

याच वेळी एक महाराष्ट्रीय गृहस्थ चापिंगोस आले. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सरकारी महाविद्यालयात त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले होते. पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत भटकंती करून 1924 साली ते मेक्सिकोत पोचले आणि या शाळेत अध्यापक झाले. त्यांनी मक्याच्या सुधारित जातींवर संशोधन केले. पण प्रयोगशाळेतील बी खेडुताच्या ओंजळीत पडले नाही तर त्याचा उपयोग काय? म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. रिव्हेराचा त्या कार्याला पाठिंबा होता. राजधानीतील शिक्षणखात्याच्या इमारतीत त्याने रंगविलेल्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटून घेणाऱ्या मंडळींमध्ये खानखोजे दिसतात.

1934 ते 1940 या काळात राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी सुमारे 180 लक्ष हेक्टर जमीन गावांना वाटली. प्रत्येक वाटपास मोजणीदार आणि शेतीतज्ज्ञ हवे होते. नंतर वारे बदलले. 1943 साली मेक्सिको सरकार आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी बियाण्यांचे संशोधन हाती घेतले आणि त्याचे प्रयोग चापिंगोच्या शेतांतही झाले. पुढील वर्षी नॉर्मन बोरलॉग तेथे दाखल झाले. त्या संशोधनातून निघालेल्या बुटक्या गव्हाचे 18,000 टन बियाणे भारताने 1966 मध्ये मेक्सिकोतून आणविले. आपल्या हरितक्रांतीचा आरंभ त्यात आहे. मात्र खुद्द मेक्सिकोत या गव्हाचा मोठा लाभ वायव्येकडील पाटबंधाऱ्याखालच्या मोठ्या शेतकऱ्यांना झाला. पावसाच्या भरवशावर मका पेरणारा लहान शेतकरी बव्हंशी मागेच राहिला. म्हणजे सापाताच्या मुलखात साखळी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांनी जो प्रश्न हाती घेतला होता, तो अर्धाच सुटला. जमीन मिळाली, पण त्या जमिनीस शोभेल अशी विद्या मिळाली नाही.

1978 साली शाळा स्वायत्त विद्यापीठ झाली. 1992 मध्ये राज्यघटनेचे सत्ताविसावे कलम बदलून जमीनवाटपाचे पर्व संपविण्यात आले. तरीही गरीब ग्रामीण कुटुंबांतील मुलामुलींच्या राहण्याजेवण्याची सोय करून त्यांना शिकविण्याची प्रथा चापिंगोने सोडलेली नाही. खानखोजे 1955 मध्ये नागपुरास स्थायिक झाले आणि 1967 साली तेथेच निवर्तले. 2022 साली चापिंगोच्या आवारात त्यांचा पुतळा बसविण्यात आला. पुतळा पाहणाऱ्याने क्षणभर शेजारच्या शेतांकडेही पाहावे. तेथे शिकणाऱ्यांपैकी किती जण बियाणे आणि विद्या घेऊन आपल्या गावाच्या शिवेत परत जातात, यावरच त्या शाळेची किंमत ठरावयाची आहे.