मिरी आणि मोहरा

मद्रासचे सरकारी वस्तुसंग्रहालय १८५१ साली स्थापन झाले व १८५४ मध्ये एग्मोर येथे आले. तेथील नाणेसंग्रहात दक्षिणेत सापडलेली रोमन नाणी आहेत. टायबरकाठचे हे सोनेचांदी इतक्या दूर कशासाठी आले, याचे बरेचसे उत्तर मिरीच्या दाण्यात साठलेले आहे.

पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने रोमचे भाव नोंदविले आहेत: एका पौंडास काळी मिरी चार दिनार, पांढरी सात, पिंपळी पंधरा. काळी व पांढरी मिरी एकाच वेलीची. कच्ची फळे सालीसकट वाळविली म्हणजे काळी. पिकलेली भिजवून साल काढली म्हणजे पांढरी. पिंपळीचा वेल मात्र निराळा. केवळ तिखटपणासाठी लोक सोन्यारुप्यासारखी तोलून मिरी घेतात, याचे प्लिनीला नवल वाटे. आणि हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, याची खंतही वाटे. संघम् कवीने मात्र हेच दृश्य कौतुकाने रंगविले: मुचिरी बंदरात सोने घेऊन येणारी व मिरी भरून परतणारी यवनांची गलबते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर मिरची आली आणि स्वयंपाकघरातील पहिला मान तिने पटकावला. पण नाव तिला मिरीकडूनच उसने घ्यावे लागले. तमिळमध्ये मिरी ती ‘मिळगु’, मिरची ती ‘मिळगाय’. मराठीतही नाते तेच. रोमची नाणी आता कपाटात विसावली आहेत. मिरी मात्र एग्मोरच्या घराघरांतील रसमात आजही दरवळते.