स्वतःच वाजणारा सिंथेसायझर : यंत्राला भूप कळतो का?

वादकाने हात काढून घेतल्यावरही वाजत राहणारी आणि तरीही तेच ते न वाजवणारी रचना मॉड्युलर सिंथेसायझरवर बांधता येते. तिला जनरेटिव्ह पॅच असे म्हणतात. इलेक्ट्रॉनिक तानपुराही आपोआप वाजतो. परंतु त्याचे आवर्तन ठरलेले असते. जनरेटिव्ह पॅचमध्ये पुढचा स्वर कोणता येईल, हे बांधणाऱ्यालाही ठाऊक नसते. स्वर कोणत्या चौकटीत हिंडतील, एवढेच त्याने ठरवलेले असते.

मॉड्युलर सिंथेसायझर हे एकसंध वाद्य नसते. १९६३-६४ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याची पायाभरणी केली. ध्वनी निर्माण करणारा ऑसिलेटर, त्याचा पोत बदलणारा फिल्टर, आवाज लहानमोठा करणारा अँप्लिफायर असे सुटे घटक जुन्या टेलिफोन एक्स्चेंजप्रमाणे तारांनी जोडायचे. ही जोडणी म्हणजेच पॅच. या घटकांची भाषा एकच, विद्युतदाबाची. मूग यांच्या पद्धतीत दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो. म्हणजे लगतच्या दोन स्वरांतले अंतर व्होल्टचा बारावा भाग, सुमारे ०.०८३ व्होल्ट.

हा दाब कोण पुरवतो, यावर सारे अवलंबून असते. वादक पट्टी दाबतो तेव्हा तो दाब पट्टीकडून येतो. स्वयंवादी रचनेत पट्टीच नसते. तिथे 'नॉइज' म्हणजे अनियमित खरखर निर्माण करणारा एक घटक घेतात. 'सॅम्पल अँड होल्ड' नावाचा दुसरा घटक ठरावीक ठोक्याला त्या खरखरीतला त्या क्षणीचा दाब उचलतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतो. हा दाब कोणताही असू शकतो, म्हणून तो क्वांटायझरमधून नेतात. क्वांटायझर त्याला निवडलेल्या स्वरांपैकी सर्वांत जवळच्या स्वरावर बसवतो. यादृच्छिकतेला शिस्त लागते ती येथे.

यादृच्छिकता मुळीच न वापरताही दीर्घकाळ न दोहरावणारी रचना होते. आपल्याकडे रूपकाच्या ७ मात्रा आणि झपतालाच्या १० मात्रा एकाच वेळी सुरू केल्या तर दोहोंची सम पुन्हा ७० व्या मात्रेनंतरच एकत्र येते. येथेही हाच हिशेब. ७, ११ आणि १३ सेकंदांनी वरखाली होणाऱ्या तीन संथ लहरी एकत्र केल्या, तर मूळ स्थिती १००१ सेकंदांनी, म्हणजे पावणेसतरा मिनिटांच्या आसपास परतते. त्यात १७ सेकंदांची चौथी लहर मिसळली की हाच काळ पावणेपाच तासांच्या घरात जातो. शिवाय अॅनालॉग यंत्राच्या लहरी घड्याळाइतक्या काटेकोर नसल्याने प्रत्यक्षात ती सम कधी सापडत नाही. ब्रायन ईनो यांनी १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मध्ये वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या वेटोळ्यांनी हेच साधले होते.

भारतात हे यंत्र फार लवकर आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर बसवला गेला, तो अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या देखरेखीखाली. यामागे गीता साराभाई यांचा पुढाकार होता. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या त्या याच. ट्यूडर यांनी तेथे टेप आणि मूग यांची परस्परांत गुंफण करून, निघालेला ध्वनी पुन्हा आत सोडून ध्वनिमुद्रणे केली. यंत्राने स्वतःचेच ऐकून पुढे जायचे, ही स्वयंवादी रचनेची आणखी एक वाट. आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनीही तेथे काम केले. माथुर यांच्या एका रचनेचे नावच 'वन्स आय प्लेड अ तानपुरा' असे आहे.

तानपुऱ्यापर्यंत ठीक, रागाशी मात्र गाठ पडते तेव्हा यंत्राची परीक्षा होते. क्वांटायझरला सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर दिले की कानाला गोड लागणारे काहीतरी लगेच वाजू लागते आणि त्याला भूप म्हणण्याचा मोह होतो. पण हेच पाच स्वर देसकाराचेही आहेत. भूपाचा वादी गंधार, देसकाराचा धैवत. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. यंत्राला पाच स्वर कळतात, त्यांतला मोठा कोण हे कळत नाही. ते शिकवावे लागते. गंधारावर थांबण्याची शक्यता वाढवायची. लागोपाठच्या दोन दाबांतले अंतर मर्यादित ठेवायचे, म्हणजे स्वर उड्या न मारता शेजारी सरकतील. मींडेसाठी दाब हळूहळू बदलणारा घटक मध्ये घालायचा. इतके करूनही मिळते ती भूपाची छाया. स्वरसमूहांचे चलन आणि न्यासाचे औचित्य तारांनी पूर्णपणे सांगता येत नाही. मात्र सांगू पाहताना रागात आपण नेमके काय ऐकतो, हे बांधणाऱ्याला उमगते, आणि हा लाभ थोडा नाही.

दुसरी उणीव श्वासाची. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा परिसरात आणि लगतच्या डांगात कोकणा समाजाची पावरी वाजते, विशेषतः मार्गशीर्षातील डोंगऱ्या देवाच्या उत्सवात. भोपळ्याच्या या सुषिर वाद्याचा नाद वादक गालांत हवा साठवून अखंड ठेवतो. तरी त्या अखंडतेत छातीचा जोर कमीअधिक होत राहतो. यंत्राला हा जोर बाहेरून देता येतो. मायक्रोफोनने घेतलेल्या आवाजाची तीव्रता दाबात रूपांतरित करणारा 'एन्व्हलप फॉलोअर' नावाचा घटक असतो. त्या दाबावर फिल्टर उघडझाप करू लागला की सारी रचना वादकाच्या श्वासाने हलते. अर्थात डोंगऱ्या देवाची पावरी ही करमणूक नव्हे. ती यंत्रात घ्यायची तर वादकाला आणि गावाला आधी विचारले पाहिजे.

नवख्याला महागडे यंत्र घेण्याची आवश्यकता नाही. २०१७ साली आलेल्या 'व्हीसीव्ही रॅक' या संगणकप्रणालीची मूळ आवृत्ती विनामूल्य असून तिच्यात हे बहुतेक घटक मिळतात. एक ऑसिलेटर, एक सॅम्पल अँड होल्ड, एक क्वांटायझर एवढ्यावर प्रारंभ करावा आणि तासभर काहीही न बदलता ऐकावे. संगणकावर जोडणी साठवता येते. खऱ्या यंत्रात तसे नाही. तारा काढल्या की पॅच संपतो, आणि छायाचित्र पाहून तो पुन्हा जोडला तरी पूर्वीसारखा वाजेलच असे नाही. म्हणून ध्वनिमुद्रण हवे. अहमदाबादच्या स्टुडिओतले काम १९७२ च्या सुमारास थांबले, पण टेप संस्थेच्या संग्रहात राहिल्या. लंडनचे कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली.