आगाऊ रांधलेलें अन्न

वैशाखाच्या उन्हांत सातारा, कऱ्हाड किंवा सांगली येथील एखाद्या जुन्या वाड्याच्या माळवदावर नजर टाकावी, तर तेथें धुतलेल्या धोतरावर कुरडया, पापड, सांडगे वाळत पडलेले दिसतात आणि राखणीला काठी घेऊन एखादें पोर बसलेलें असतें. या वाळवणाकडे गृहिणींची हौस म्हणून पाहण्याची रीत आहे. वस्तुतः तो एक पक्का हिशेब आहे. गहूं तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी पालटावयाचें, वाटून चीक काढावयाचा, तो शिजवावयाचा, गरम असतांनाच सोऱ्यांतून पिळावयाचा आणि कडक उन्हांत वाळवावयाचा. ज्या दिवशीं हाताला सवड आहे त्या दिवशीं एवढी मेहनत करून ठेवली, म्हणजे ज्या दिवशीं सवड नाहीं त्या दिवशीं कढईंत तेल तापविण्यापुरतेंच काम उरतें. पाण्याचा अंश निघून गेला कीं अन्न नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंचें कांहीं चालत नाहीं, हें शास्त्र पुस्तकांत पुढें आलें; अनुभव त्याच्या कितीतरी आधींचा.

साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत या हिशेबाला विशेष धार आहे. पश्चिमेस महाबळेश्वरीं वर्षाला २०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील माण तालुक्यांत २० इंचांचीहि खात्री नसते. जावळी-पाटणच्या खोऱ्यांत भातलावणीच्या दिवसांत सरपण ओलें आणि बायका दिवसभर चिखलांत. माणदेशांत पाऊस हुलकावणी देतो आणि भाजीपाला दुर्मिळ होतो. एके ठिकाणीं पाऊस फार म्हणून आणि दुसरीकडे तो नाहीं म्हणून, वाळवणाचा डबा दोन्हीकडे उघडतोच.

घरांत जें चालत असे तेंच राज्यांतहि चालत असे. शिवाजी महाराजांच्या अमदानींत फौजेनें दसऱ्यानंतर मुलूखगिरीस निघावें आणि पावसाळ्यास छावणीला परतावें, असा परिपाठ होता. छावणीचे चार महिने उन्हाळ्यांत सांठविलेल्या बेगमीवरच काढावयाचे. चिपळूणजवळ मुक्कामास असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना १६७३-७४ च्या सुमारास महाराजांनीं पाठविलेलें पत्र इतिहासाभ्यासकांच्या चांगलें परिचयाचें आहे. दाणा-वैरण आज आहे म्हणून मन मानेल तशी उधळाल, तर ऐन पावसांत घोडीं उपाशीं मरतील आणि तुम्ही कुणब्यांस उपद्रव देऊं लागाल, असा त्याचा आशय आहे. त्याच पत्रांत रात्रीं दिवा जळत ठेवूं नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजींना आग लागेल, असेंहि बजाविलें आहे. राज्यकर्त्यानें उंदराचीहि दखल घ्यावी, हें कित्येकांना क्षुल्लक वाटेल. पण भांडारघराची किल्ली जिच्या कमरेला असते त्या बाईला तें मुळींच क्षुल्लक वाटणार नाहीं.

ही दक्षता एकदां चुकली आणि ती नेमकी साताऱ्यालाच भोंवली. १६९९ च्या डिसेंबरांत औरंगजेबानें साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा घातला. ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळांत सातारा दरबारीं इंग्रजांचा प्रतिनिधि होता. त्यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत म्हटलें आहे कीं, बादशहा पन्हाळ्यावर जाईल या समजुतीनें साताऱ्यावर पुरेशी सामुग्री भरलीच नव्हती. दोन महिने पुरेल एवढीहि ती नव्हती. तरीहि किल्लेदार प्रयागजी प्रभु यानें गड चार महिन्यांहून अधिक काळ लढविला. जवळच्या परळीच्या किल्ल्यावरून परशुराम त्रिंबक यांनीं, शहाजादा आझमशहाला आंतून वश करून, वर धान्य पोंचविलें असें डफ सांगतो. मार्च १७०० मध्यें राजाराम महाराज सिंहगडावर निधन पावले. एप्रिलांत मोगलांचा एक सुरुंग उलटून त्यांचेच असंख्य लोक दगडांखालीं गाडले गेले. पण त्याच महिन्यांत किल्ला खालीं करून द्यावा लागला आणि बादशहानें त्याचें नांव आझमतारा ठेविलें. सुरुंगाची हकीकत शाळेंतील मुलांनाहि पाठ असते. कोठार अपुरें होतें ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाहीं.

स्वारीवर निघालेल्या माणसाची बेगम वेगळी. चूल मांडावयास जेथें फुरसत नाहीं तेथें शिदोरी उपयोगी : भाकरी, चटणी, कांदा, भाजलेले हरभरे. मराठी घोडदळाच्या चपळाईंत या सुटसुटीतपणाचा वांटा मोठा होता. पुढें छावण्या फुगल्या, बाजारबुणगे आणि यात्रेकरू बरोबर निघाले. पानिपतावर रसद तुटल्यावर तो सारा पसारा उपासमारीनें जेरीस आला आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं अन्नावांचून खंगलेल्या फौजेला रणांत उतरावें लागलें.

शिदोरीचें आणखी एक प्रकरण अलीकडचें आहे. १९४३ सालीं सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकार उभें राहिलें. क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांचे साथी भूमिगत होऊन गांवोगांव फिरत. कुंडल हें या चळवळीचें एक मोठें ठाणें. तें तेव्हां औंध संस्थानांत होतें, आज सांगली जिल्ह्यांत आहे. डोंगरांत आणि उसाच्या फडांत लपलेल्या या लोकांना गांवच्या बायकांनीं भाकरी पुरविली. अपरात्रीं चूल पेटली तर उजेड आणि धूर दोन्ही चुगली करणार. तेव्हां आलेल्याच्या हातीं द्यावयाची भाकरी आधींच थापलेली असणें भाग होतें. घरीं माणसें चार आणि टोपल्यांत भाकऱ्या दहा, एवढ्यावरूनहि पोलिसांचा संशय बळावला असता. ही जोखीम त्या बायकांनीं १९४६ पर्यंत पत्करली. पुढाऱ्यांचीं चरित्रें लिहिलीं गेलीं. टोपल्या भरणाऱ्या बहुतेकींचीं नांवें कोणी टिपून ठेवलीं नाहींत.

थंडीनें अन्न टिकविण्याची विद्या आपल्याकडे परकी. मुंबईस १८३४ सालीं अमेरिकेहून गोठलेल्या तळ्यांचें बर्फ गलबतांतून आलें, तें भुशांत गुंडाळून. थंडीनें जंतु मरत नाहींत, निजतात. म्हणून गोठविलेला पदार्थ एकदां वितळला कीं तो लौकर संपविला पाहिजे. लाब्राडॉरच्या हिमप्रदेशांतील लोक मासे पकडतांच गोठवितात हें पाहून क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकनानें झटपट गोठविण्याची यंत्रें बनविलीं, आणि १९३० सालीं तसें अन्न तिकडे दुकानांत विक्रीस आलें. आज सातारा-सांगलीच्या शहरी घरांत रविवारीं केलेलें वाटण आणि सोललेला मटार शीतपेटींत आठवडाभर राहतो, तासगांव-सांगलीचा बेदाणा शीतगृहांत वर्ष काढतो. मात्र आषाढांत पाटण-महाबळेश्वराकडे झाड पडून विजेची तार तुटली, कीं पेटींतील बर्फ ओघळूं लागतें आणि फळीवरचा कुरडयांचा डबा खालीं काढला जातो.