बेसी स्मिथ : एक दंतकथा आणि एक निनावी कबर

१/ २६ सप्टेंबर १९३७. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे ‘ब्लूजची सम्राज्ञी’ बेसी स्मिथ हिचे निधन झाले. तिच्या मृत्यूची जी कथा जगभर पसरली, ती खोटी होती. सत्य मात्र त्याहून सौम्य नव्हते.

२/ टेनेसीतील चॅटानूगा येथे दारिद्र्यात जन्मलेली बेसी बालपणीच पोरकी झाली. भावासोबत रस्त्यावर गाऊन ती चार पैसे मिळवी. पुढे फिरत्या मंडळ्यांच्या तंबूंत तिचा आवाज ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचू लागला.

३/ १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीने तिची ‘डाउनहार्टेड ब्लूज’ ही ध्वनिमुद्रिका काढली. ती लाखोंनी खपली. बेसीला मिळाले ते केवळ ठरीव मानधन. विक्रीवरील स्वामित्वधन तिच्या वाट्याला आले नाही. १९२९ नंतरच्या मंदीत हा व्यवसायच कोसळला.

४/ १९३७ मध्ये ६१ क्रमांकाच्या महामार्गावर रात्रीच्या अंधारात तिची मोटार एका ट्रकवर आदळली. तिचा उजवा हात जवळजवळ तुटला.

५/ काही आठवड्यांतच संगीतसमीक्षक जॉन हॅमंड यांनी ऐकीव माहितीवर लिहिले, की गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दाखल करून घेतले नसावे. एडवर्ड आल्बी यांनी यावर नाटक लिहिले आणि दंतकथा पक्की झाली.

६/ अपघातस्थळी उपचार करणारे डॉक्टर ह्यू स्मिथ यांची साक्ष निराळी होती. बेसीला थेट कृष्णवर्णीयांच्याच रुग्णालयात नेण्यात आले. त्या प्रदेशात कोणताही रुग्णवाहिकाचालक कृष्णवर्णीय रुग्णाला गोऱ्यांच्या दारी नेण्याचा विचारही करीत नसे.

७/ म्हणजे तिला कोणी नाकारले नाही, कारण नाकारण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था आधीच उभी होती. दंतकथेत एक निर्दय दरवाजा आहे. इतिहासात मात्र अवघा समाजच दोन वाटांत विभागलेला आहे.

८/ फिलाडेल्फियात तिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले, तरी तिच्या कबरीवर तेहतीस वर्षे नावाचा दगड नव्हता. १९७० मध्ये गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या वॉनिटा ग्रीन या दोघींनी खर्च उचलून तो बसवला. त्यानंतर दोन महिन्यांतच जॅनिसही गेली.

९/ मृत्यूची कहाणी नाट्यमय होती, म्हणून ती सर्वांच्या स्मरणात राहिली. कबरीवरच्या नावाची आठवण ठेवायला मात्र दोन स्त्रिया याव्या लागल्या. इतिहास वाचताना म्हणूनच विचारावे : आपण माणूस लक्षात ठेवतो आहोत, की केवळ त्याची गोष्ट?